शांतता समितीच्या फोटोत हवालदार कुठे असतो?

गणपती, ईद, मोहरम, शिवजयंती, आंबेडकर जयंती. सण जवळ आला की स्थानिक पानावर एक बातमी ठरलेली असते : 'आगामी सणांच्या पार्श्वभूमीवर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक संपन्न.' सोबत फोटो. मधोमध साहेब, आजूबाजूला मंडळांचे अध्यक्ष, मौलाना, माजी नगरसेवक, व्यापारी संघटनेचे पदाधिकारी. टेबलावर पुष्पगुच्छ आणि पाण्याच्या बाटल्या. डीजेचा आवाज किती ठेवायचा, मिरवणूक कुठून न्यायची, मोबाइलवर काय फॉरवर्ड करायचं नाही हे सांगून होतं. चहा होतो. पुढच्या सणापर्यंत समिती झोपी जाते.

मग कुठे दगडफेक झाली की लोक विचारतात, ती समिती होती ना, तिनं काय केलं? प्रश्न बरोबर आहे. उत्तर शोधायला मात्र फोटोतल्या खुर्च्यांकडे पाहून भागत नाही. दाराजवळ जो हवालदार उभा असतो, ज्याला बसायला सांगितलेलं नसतं, त्याच्याकडे पाहावं लागतं.

गरज कुणाला कुणाची?

आपण समजतो की आपल्याला पोलिसांची गरज आहे. त्यांना आपली जास्त असते. चोरी झाली तर फिर्याद कुणीतरी द्यावी लागते. ज्यानं पाहिलं त्यानं 'पाहिलं' म्हणावं लागतं. घराची झडती घेतली, चाकू जप्त केला, तर ते समोर घडल्याचं सांगायला त्या भागातली दोन त्रयस्थ माणसं लागतात. त्यांना पंच म्हणतात. पंच मिळाले नाहीत की पोलीस 'नेहमीच्या' माणसांना बोलावतात, आणि न्यायालयात आरोपीचा वकील त्याला पहिलाच प्रश्न विचारतो, आजवर किती केसमध्ये पंच होतात? तिथेच अर्धी केस गळते.

सीसीटीव्हीत चेहरा दिसतो. तो चेहरा कुणाचा, हे पानवाला सांगतो. सांगायचं की 'माझं लक्ष नव्हतं' म्हणायचं, हे तो ठरवतो. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण त्याला शाळेत कुणी शिकवलेली नसते. त्यानं ती आजूबाजूला पाहून शिकलेली असते.

याला इतिहास आहे. आपल्या पोलीस व्यवस्थेचा पाया १८६१च्या कायद्याचा, म्हणजे १८५७च्या उठावानंतर अवघ्या चार वर्षांनी घातलेला. लोक पुन्हा उठू नयेत ही तेव्हाच्या सरकारची चिंता होती. वस्तीला पोलीस आपला वाटावा, हे काही त्या कायद्याचं उद्दिष्ट नव्हतं. महाराष्ट्राचा स्वतःचा पोलीस अधिनियम १९५१चा आहे आणि पोलिसांचं ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असं आहे. त्यात सज्जनांचं रक्षण आधी येतं. पण वर पाहून काम करायची सवय कायदा बदलला म्हणून जात नाही.

भरवसा काउंटरवर तुटतो

बहुतेक माणसांनी दंगल पाहिलेली नसते. पोलिसांबद्दलचं त्यांचं मत ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी बनतं. ठाणे अंमलदार म्हणजे ठाण्यात गेल्यावर तक्रार लिहून घेणारा.

माझा मोबाइल बसमध्ये खिशातून काढला गेला. मी 'चोरी' म्हणत होतो, अंमलदार शांतपणे 'गहाळ' लिहीत होता. "सिमकार्ड नवीन काढायला एवढं पुरतं," असं त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं. शब्द एकच बदलला, पण चोरी हा गुन्हा आहे आणि गहाळ होणं हा माझा वेंधळेपणा. माझा फोन गेला तो गेलाच, वर दोषही माझ्याच पदरात.

असं का होतं? अंमलदार वाईट असतो म्हणूनच, असं नाही. दर महिन्याच्या आढाव्यात साहेबाला विचारतात, गुन्हे का वाढले? नोंदच झाली नाही तर वाढ दिसत नाही. ताप आलेल्या पोराला थर्मामीटर लावायचाच नाही, असा हा उपाय. म्हणून एखाद्या ठाण्याच्या हद्दीत नोंदलेले गुन्हे वाढले तर लगेच दचकू नये. क्वचित त्याचा अर्थ एवढाच असतो की तिथे आता लिहून घेतात, आणि लिहून घेतात म्हणून लोक जातात.

इथे दोन शब्द माहीत असलेले बरे. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करू शकतात : चोरी, दरोडा, बलात्कार, खून. अदखलपात्र म्हणजे ज्यात ती परवानगी लागते, उदाहरणार्थ साधी शिवीगाळ. लोक त्याला 'एनसी' म्हणतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. मोबाइल-संगणकावरून तक्रार पाठवून तीन दिवसांत सही करता येते. फिर्यादीला प्रत फुकट द्यावी लागते आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवावं लागतं. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला स्त्रियांना, पंधराच्या आतल्या मुलांना आणि साठीपुढच्यांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं.

कायद्यात हे सगळं आलं. टेबलाशी यायला वेळ लागतो.

भिवंडीत काय केलं होतं?

आता मूळ गोष्ट. भिवंडी हे यंत्रमागाचं गाव. मुंबईपासून तासा-दीड तासावर. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे दंगल पेटली आणि जळगाव, महाडपर्यंत पोचली. चौकशीला नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगानं पोलिसांच्या विशेष तपास पथकावर पक्षपाताचा ठपका ठेवला. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल. या खेपेला आग ठाणे, मुंबईपर्यंत गेली. 'भिवंडी' हा शब्दच दंगलीचा समानार्थी झाला होता.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शांतता समितीचा साचाच उलटा केला. गावभराची एकच समिती न ठेवता मोहल्ल्या-मोहल्ल्याची वेगळी समिती काढली. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येनं. पुढाऱ्यांपेक्षा भर होता तो तिथेच राहणाऱ्या, रोज तिथून ये-जा करणाऱ्या साध्या माणसांवर. आणि समितीची सूत्रं साहेबाकडे न ठेवता त्या भागात फिरणाऱ्या खालच्या पोलिसाकडे दिली. ज्या भागाची गस्त एखाद्याकडे असते त्याला पोलिसी भाषेत 'बीट' म्हणतात. फोटोत दाराजवळ उभा असलेला तो बीट हवालदार इथे खुर्चीत बसला.

दुसरा बदल वेळेचा. सण येवो न येवो, बैठका होत राहिल्या. सण नसताना दोन समाजांनी एकत्र बसून बोलायचं काय? नळाचं पाणी, तुंबलेलं गटार, नाक्यावर पोरींची छेड काढणारी टोळकी, भिंतीवरून शेजाऱ्यांची भांडणं. जातीय सलोखा वगैरे मोठे शब्द त्या यादीत बसत नाहीत, आणि माझ्या मते सगळी खुबी तिथेच आहे. गटारावर भांडायला धर्म लागत नाही. ते साफ व्हावं म्हणून चार वेळा एकत्र अर्ज केला की माणसं एकमेकांना नावानं ओळखू लागतात.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. आयोगानं पोलिसांच्या वागण्यावरही कडक ताशेरे ओढले. भिवंडीत दंगल झाली नाही.

हे श्रेय मागाच्या धंद्याचं आहे, असं काही जण म्हणतात. व्यापारी हिंदू, मागवाले मुसलमान, एकमेकांवाचून दोघांचं पोट भरत नाही, मग भांडतील कशाला? मुद्दा दिसायला बिनतोड आहे. पण हाच धंदा आणि हीच गरज १९७० मध्येही होती आणि १९८४ मध्येही. तेव्हा ती उपयोगी पडली नाही. मधल्या काळात गावात जे नवीन आलं होतं, ते म्हणजे या समित्या.

हे चालतं कसं?

भिशीचा हिशेब आठवा. दर महिन्याला थोडे थोडे पैसे टाकायचे. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणी दवाखान्यात पडलं की उचल मिळते. अडचण आल्या दिवशी भिशी लावता येत नाही. गटाराच्या, नळाच्या बैठका हे त्या भिशीचे हप्ते. फक्त सणापुरती भरणारी शांतता समिती म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

उचल कशी मिळते तेही पाहा. समजा रात्री अकराला बातमी फिरली की पलीकडच्या गल्लीत ट्रकमधून हत्यारं उतरली. ओळख नसेल तर अलीकडची गल्ली घाबरून काठ्या जमवते, ते पाहून पलीकडची दगड जमवते, आणि पहाटेपर्यंत खोटी बातमी खरी होते. ओळख असेल तर बीट हवालदार पलीकडच्या समितीतल्या शिंप्याला फोन लावतो. तो दार उघडून बघतो आणि सांगतो, साहेब, सुताचे गठ्ठे आहेत. हे ऐकून अलीकडचे घरी जातात, कारण त्या शिंप्याशी त्यांनी तीन महिने गटारावरून वाद घातलेला असतो आणि तो खोटं बोलणारा नाही हे त्यांना माहीत असतं. अफवेचं आयुष्य ओळख नसण्यावर अवलंबून असतं. पोलिसांच्या लाठीनं गर्दी पांगते, पण तो फोन लाठीनं लागत नाही.

शांतता समितीची मी थट्टा केली, पण पुढारी मंडळींचाही उपयोग असतो, हे कबूल करायला हवं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लीम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारनं ईदची सुट्टीही २९ तारखेला नेली. २०२४ आणि २०२५ मध्येही सण एकमेकांना लागून आले तेव्हा मुंबईत जुलूस पुढे नेले गेले. असले निर्णय मोहल्ल्यातला शिंपी घेऊ शकत नाही. ते वरच बसून घ्यावे लागतात.

मुंबईनं भिवंडीकडून धडा घेतला, पण आग विझल्यावर. १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं शहरात मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली. वस्तीतली पोरं आणि पोलीस क्रिकेटच्या मैदानावर एकत्र आली. बॅट हातात असलेला हवालदार दिसला की पोरांना तो लाठीवाल्यापेक्षा वेगळा वाटतो, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

'म्हणजे पोलिसांचे खबरेच ना?'

हा संशय रास्त आहे. खबऱ्या गुपचूप भेटतो, त्याचं नाव कुणाला कळत नाही आणि तो दुसऱ्याची माहिती देऊन स्वतःचं काहीतरी साधतो. समितीतला माणूस सगळ्यांसमोर बसतो आणि स्वतःच्या गल्लीचं गाऱ्हाणं मांडतो. बैठकीतलं बोलणं गल्लीला कळत असेल तोवर ती समिती. हवालदार एकेकाला बाजूला घेऊन 'अमक्याच्या घरी कोण येतं-जातं?' असं विचारू लागला की तिचं खबऱ्यांचं जाळं झालंच म्हणून समजा. मग लोक येणं बंद करतात, आणि बरोबरच करतात.

'तिथे दलालच शिरतात'

शिरतात. पोलीस ठाण्यात ऊठबस असणं हे आपल्याकडे भांडवल असतं. समितीचं ओळखपत्र खिशात घालून 'साहेबांशी बोलतो' म्हणत मांडवली करणारे महाभाग कुठल्या शहरात नाहीत? एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : समितीला कायद्यानं कसलाही अधिकार नसतो. ती कुणाला बोलावून घेऊ शकत नाही, दंड करू शकत नाही, तक्रार मागे घ्यायला लावू शकत नाही. ती पाण्याच्या टाकीसारखी आहे, ठराविक काळानं उपसून घासली नाही तर शेवाळ धरते. माणसं बदलत राहणं आणि बैठक ठाण्याबाहेर, सगळ्यांना दिसेल अशा जागी घेणं, एवढ्यानंही दलालांचा रस बराच कमी होतो.

'वचक राहील का?'

पोलीस पोरांबरोबर क्रिकेट खेळू लागले तर त्यांना घाबरणार कोण? वचक असावा, पण तो कुणाला? ज्या गल्लीत पानवाला साक्ष द्यायला तयार आहे तिथे गुंडाला पोलिसांची भीती जास्त वाटते, कारण आता त्याला शिक्षा लागू शकते. साध्या माणसाला ठाण्याची पायरी चढायची भीती वाटत असेल तर त्याचा फायदा फक्त गुंडाला होतो.

वेळ कुठे आहे, हा पोलिसांचा प्रश्न मात्र खरा आहे. बंदोबस्त, व्हीआयपी दौरे, न्यायालयाच्या तारखा, समन्स बजावणं यात हवालदाराचा दिवस जातो आणि गणपतीत रात्रही. सलग बारा-चौदा तास उभं राहिलेल्या माणसाकडून गटाराचं गाऱ्हाणं हसतमुखानं ऐकण्याची अपेक्षा करताना जरा लाज वाटली पाहिजे. याला गोड उत्तर नाही. बीटवरच्या माणसाला ऊठसूट बंदोबस्ताला ओढायचं नाही, हे वरून ठरवावं लागतं.

मिटवणं आणि मिटवून टाकणं

गावाकडे याचा वेगळा अवतार पाहायला मिळाला. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचं, वाटेचं, भावकीचं भांडण गावातच समितीपुढे मिटवायचं आणि गावाला बक्षीस मिळवायचं. वर्षानुवर्षं तारखा घालणारी जमिनीची भांडणं यात मिटली, हे चांगलंच झालं.

पण बक्षीस 'तंटा नसण्याला' ठेवलं की गावाला तंटा लपवावासा वाटतो. हा त्या महिन्याच्या आढाव्याचाच भाऊबंद. सुनेला मारहाण झाली, दलित वस्तीवर हल्ला झाला, पोरीवर हात टाकला गेला, आणि चार शहाणी माणसं म्हणाली, 'गावाची अब्रू आहे, मिटवून टाका', तर तिथे मिटतो तो तंटा नव्हे. गंभीर गुन्ह्यात तडजोड करायची मुभा कायदाच देत नाही, आणि अॅट्रॉसिटीचं प्रकरण समितीपुढे आणणं चूकच आहे. बसलेल्यांत बायका किती, वाड्याबाहेरचे किती, हे मोजलं की समिती मिटवणारी आहे की मिटवून टाकणारी, हे बहुधा कळतं.

पोलिसांनीच अन्याय केला तर? तेव्हा मोहल्ला कमिटी पुरत नाही. २००६च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं होतं. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या २०१४च्या दुरुस्तीनं त्याची कायदेशीर तरतूद झाली. भरवशाच्या गप्पा मारताना दाद मागायची ही खिडकी बंद असेल तर क्रिकेटच्या सामन्यांना नाटकाची कळा येते.

'मग २००६ मध्ये त्याच भिवंडीत काय झालं?'

सगळ्यात अवघड आक्षेप हाच. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीतल्या कोटरगेट भागात, कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोन जण मेले. त्या रात्री जमावानं दोन पोलीस शिपायांना ठार केलं. हिंदू-मुसलमान दंगल ती नव्हती. वस्ती आणि पोलीस यांच्यातलाच दोर तुटला होता. आणि वाद कशाचा, तर पोलीस ठाण्याच्या इमारतीचा.

यावरून प्रयोग फसवा होता असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. भिशीचे हप्ते थांबल्यावर जुन्या पावत्या दाखवून उचल मिळत नाही, इतकंच यातून सिद्ध होतं. अठरा वर्षांत अधिकारी बदलले, शहर फुगलं, नवी पिढी आली. १९८८ मध्ये गटारावर एकत्र अर्ज केलेल्यांची पोरं २००६ मध्ये रस्त्यावर होती, आणि त्यांची पोलिसाशी ओळख व्हायची तर ती नव्यानंच व्हायला हवी होती.

इथे २०१४च्याच दुरुस्तीतलं एक कलम मला महत्त्वाचं वाटतं, ज्याची कुणी बातमी करत नाही. त्यानुसार ठाण्यातल्या उपनिरीक्षकापासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा. शिपाई-हवालदारांचा पाच वर्षांचा. म्हणजे साहेबाला वस्ती कळेपर्यंत त्याच्या बदलीचे वारे वाहू लागतात. गल्ली ओळखणारा, गल्ली ज्याला ओळखते असा माणूस हवालदारच असू शकतो.

आपल्या बीटवर कोण आहे, हे ठाण्यात विचारलं तर सांगतात. माझ्या बीटच्या हवालदाराचं नाव मला त्या 'गहाळ' मोबाइलच्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो आमच्या भागात तीन वर्षं फिरत होता. मी तिथे अकरा वर्षं राहत होतो.